लव्ह स्टोरी लिहायचीय? मग नारायणगावला उतरा!

सध्या पुण्यात दर तिसरा माणूस काहीतरी लिहितोय. कुणाची कादंबरी अर्धी झालीय, कुणी वेब सीरिजचा बायबल घेऊन फिरतोय, कुणी ऑडिओ कथांचे एपिसोड पाडतोय. आणि बॉस, सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी पंक्चर होते. प्रेमात! खून जमतो, ऑफिसमधलं राजकारण जमतं, बापाशी भांडण तर झकास जमतं. पण ‘तो’ आणि ‘ती’ समोरासमोर आले रे आले की पाऊस सुरू होतो, कॉफी मागवली जाते, दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघतात आणि वाचणाऱ्याला जांभई येते.

माझी एक मैत्रीण हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधून काढायचा तिला पगार मिळतो. गेली तीन वर्षं दर शनिवारी ती एक कादंबरी लिहितेय. एका प्रकाशकांनी हस्तलिखित वाचलं, आवडलं म्हणाले आणि एकच प्रश्न विचारला : ‘ही दोघं एकमेकांच्या प्रेमात आहेत हे तुम्ही चाळीस वेळा सांगितलंय. पण का आहेत?’ दोन महिन्यांत दुरुस्त करून द्या, म्हणजे विचार करू.

आता पंचाईत अशी, की ‘ही दोघं’ म्हणजे तिचे आई-बाबा! नावं बदलून. आई जुन्नर तालुक्यातली, बाबा आंबेगावचे, गावं शिवेला शिव लागून. जात वेगळी. १९८९ मध्ये दोघं घरच्यांच्या विरोधात लग्न करून पुण्याला आले, आणि त्यानंतर या विषयाला घरात जे कुलूप लागलं ते लागलंच. मुलीने कितीही खोदून विचारलं तरी आईचं उत्तर तीन शब्दांत : ‘झाली आपली ओळख.’ अशा वेळी माणूस कॉफी आणि पाऊस लिहिणार नाही तर काय करणार?

म्हणून एका शनिवारी आम्ही दोघी पुणे-नाशिक हायवेला लागलो. राजगुरुनगर, मंचर, कळंब, नारायणगाव. तिला गाव बघायचं होतं आणि मला स्टोरी हवी होती. (फ्रीलान्सर माणूस मैत्रिणीच्या दुःखातही बायलाइन शोधतो, काय करणार!)

सासू इथे झोपते

जुन्नर म्हटलं की आपल्याला शिवनेरी आठवतो आणि तो आठवायलाच हवा. पण शिवरायांच्या जन्माच्या दीड-पावणेदोन हजार वर्षं आधी हे सातवाहनांचं गाव होतं. आजूबाजूच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी खोदली गेली ती त्याच काळात. आणि याच सातवाहन घराण्यातला एक राजा, हाल, त्याच्या नावावर एक पुस्तक आहे. ‘गाथासप्तशती’. महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेत. दोन-दोन ओळींच्या सातशे गाथा आणि त्यातल्या कितीतरी प्रेमाच्या. यातल्या काही हालानंतरच्या काळातल्या आहेत असं अभ्यासक मानतात, ते सोडून द्या. आपल्यासाठी मुद्दा हा, की प्रेम कसं लिहायचं याचा मराठी मुलखातला हा सगळ्यात जुना क्रॅश कोर्स आहे. स. आ. जोगळेकरांनी १९५६ मध्ये त्याची भलीमोठी मराठी आवृत्ती काढली. लायब्ररीत मागा, मिळेल.

तर या गाथांमध्ये राजवाडे जवळजवळ नाहीत. गाव आहे, शेत आहे, गोदावरीचा काठ आहे, पाटलाचा पोरगा आहे आणि प्रवासाला गेलेला नवरा आहे. बोलणाऱ्या बहुतेक बायका. आणि गंमत म्हणजे प्रेम या विषयावर कुणीच बोलत नाही!

एक गाथा बघा. नदीकाठच्या झाडीत एका बाईची कुणाशी तरी भेटायची जागा आहे. तिथे एक धार्मिक गृहस्थ रोज फुलं तोडायला येतात आणि सगळा घोटाळा होतो. ती त्यांना काय सांगते? येऊ नका, असं नाही. ती सांगते की बिनधास्त फिरा महाराज, तुम्हाला त्रास देणारं ते कुत्रं मेलं. सिंहाने मारलं त्याला, तिकडे झाडीत राहतो ना तो! बस्स. महाराज पुन्हा तिकडे फिरकणार का? नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धन नावाच्या आचार्यांनी, शब्दांनी न सांगता अर्थ कसा पोचवायचा, यावर ‘ध्वन्यालोक’ हा ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांनी अगदी सुरुवातीच्या उदाहरणांत ही गाथा घेतली. तिच्या शेजारीच दुसरी. त्यात घरी मुक्कामाला आलेल्या वाटसरूला सून उजेडातच दाखवून ठेवते की सासू इथे झोपते, मी इथे झोपते. तुला रात्री दिसत नाही म्हणून सांगते हो, चुकून आमच्या अंथरुणात पडशील!

मी हे गाडीत सांगितलं तेव्हा मैत्रीण इतकी हसली की मंचरच्या पुढे गाडी बाजूला घ्यावी लागली. मग एकदम गप्प झाली. म्हणाली, ‘माझ्या कादंबरीत सासूच नाहीये गं. कुत्रंपण नाहीये. दोघंच आहेत.’

मला वाटतं बगचं मूळ हेच आहे. आपण प्रेमकथेत फक्त दोन माणसं ठेवतो आणि बाकी जग म्यूट करतो. शहरात राहणाऱ्या आपल्या पिढीला ते नैसर्गिक वाटतं. रूम आपली, पगार आपला, फोनला पासवर्ड. पण दोघांचं काय चाललंय हे वाचणाऱ्याला कळतं ते तिसऱ्या माणसामुळे. सासू झोपलेली असते, म्हणून तर ते वाक्य हळू आवाजात येतं. पाणपोईची एक गाथा आहे. वाटसरू बोटं फाकवून ओंजळ धरतो, म्हणजे पाणी पिणं लांबेल. आणि पाणी घालणारी बाई धार आणखी बारीक करते. कुणीच कुणाला काही बोललेलं नाही, आजूबाजूला चार तहानलेली माणसं रांगेत असणार आणि तरी दोघांचं जमलंय. तुम्ही त्यात ‘तिच्या हृदयाची धडधड वाढली’ हे वाक्य घालून बघा. सगळं सांडेल.

टोल भरा, पुढे जा

जुन्नरहून नाणेघाट तासाभरावर. पावसाळ्यात तिथे जत्रा असते, सेल्फीवाल्यांची. कोकणातली बंदरं आणि देशावरचे बाजार जोडणारा हा सातवाहनांचा रस्ता. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, जकातीचे पैसे टाकायचा म्हणून सांगतात. गुहेच्या भिंतीवर ब्राह्मीत लांबलचक लेख आहे तो नागनिका राणीचा. कुठले यज्ञ केले, हजारांनी गाई, घोडे, कार्षापण कसे वाटले, याचा हिशेबच आहे तो. त्यात मधेच कळतं की राणी महिना-महिना उपास करतेय, घरात राहून तापसीसारखी जगतेय. म्हणजे सातकर्णी राजा गेलेला आहे.

त्याच गुहेत राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे कोरले होते. आता पावलांच्या खुणांपलीकडे फारसं काही उरलेलं नाही. पण डोक्यांच्या वर प्रत्येकाचं नाव होतं, ते आहे. सगळ्यांना स्वतंत्र पाटी. आणि एका जोडप्याला मिळून एकच! देवी नायनिका आणि राजा सिरि सातकनि. तिचं नाव आधी.

राजकारण असेल, राज्य मुलासाठी सांभाळायचं म्हणून स्वतःचं नाव पुढे केलं असेल. इतिहासाचे लोक तेच म्हणतील आणि बरोबरच म्हणतील. पण लेखकाने तिथे थांबून बघावं. नवरा गेल्यावर भिंतीवर काय कोरायचं हे तिच्या हातात होतं आणि तिथे गुणगान नाही, आठवणी नाहीत. गाई किती दिल्या त्याचा आकडा आणि दोघांत एक पाटी. मैत्रिणीने वहीत फक्त एवढंच लिहिलं : ‘एकच रेशन कार्ड’. मला काही कळलं नाही. मग तिने सांगितलं, की पुण्यात आल्यावर आई-बाबांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर रेशन कार्ड काढलं. लग्नाचा फोटो नाही त्यांच्याकडे. ते कार्ड आई अजून साड्यांच्या खाली ठेवते.

‘मग हे का नाही लिहिलंस?’

‘रोमँटिक वाटलं नाही.’

घ्या!

शिट्टी कुणासाठी

नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमाराला इथे फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. कुठला फड, कुठली तारीख, किती पैसे. बाहेरून बघितलं तर टूर्स अँड ट्रॅव्हल्सचं ऑफिस वाटावं!

प्रेमाचं लेखन शिकायचं तर तमाशासारखी कडक शाळा नाही. गण झाला की गौळण. गवळणी मथुरेच्या बाजाराला निघाल्यात, कृष्ण आणि पेंद्या वाट अडवतात, दाण मागतात. म्हणजे टोलनाकाच की! आणि तिथे राधेच्या बाजूने तडतड बोलायला मावशी उभी. पुन्हा तिसरा माणूस. मग बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग. जुन्या वगात गोष्ट ठरलेली असायची, पण संवाद पुष्कळदा उभ्या उभ्या जुळवलेले. प्रेमाचं वाक्य खोटं वाटलं तर एडिटर ईमेल पाठवत नाही, मागच्या रांगेतला माणूस उठून चहाला जातो. रोज रात्री, नव्या गावात ही परीक्षा.

पण इथेच एक गोष्ट मला खटकते आणि ती सांगणार. स्टेजवर प्रेम इतकं खरं करणाऱ्या बाईला आपल्या गोष्टींमध्ये काय मिळालं? ‘पिंजरा’ घ्या. १९७२, शांताराम, मूळ १९३० चा जर्मन ‘द ब्लू एंजल’. गाणी आजही लागली की पाय हलतात. पण सिनेमा मास्तरांचा आहे. त्यांचं मोठेपण, त्यांचं घसरणं. तिच्यासाठी प्रेम काय होतं, फड मोडला तर त्या माणसांचं पोट कसं भरणार होतं, यासाठी गोष्टीला फारसा वेळ नाही. तमाशातली बाई म्हणजे पुरुषाच्या वाटेतला खड्डा, हा हिशेब आपण वर्षानुवर्षं चालवला.

आणि खरी बाई कशी होती? विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, १९३५ ते २००२. नऊ महिने भरलेले असताना ती बोर्डावर नाचत होती, कळा सुरू झाल्या, आत गेली, बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला उभी राहिली. प्रेक्षकांच्या लक्षात आल्यावर त्यांनीच तिला थांबवलं. तमाशाच्या मुलखात हा किस्सा माहीत नसलेला माणूस सापडणार नाही. तिचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला, शेवटचे दिवस हलाखीत गेले, आज तिच्या नावाने राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. ज्या रात्री ती लोकांसाठी शृंगार उभा करत होती त्या रात्री तिच्या अंगात काय चाललं होतं, हे कळलं की ‘तिने लाजून मान खाली घातली’ छापाचं वाक्य लिहिताना हात जरा थबकतो. थबकायलाच हवा.

याउलट नागराज मंजुळेंचा ‘सैराट’, २०१६. झिंगाट सगळ्यांना आठवतं. पण मला ते दोघं खरे वाटले ते पळून गेल्यावर. हैदराबादची झोपडपट्टी, संडासाचा वास, तो डोशाच्या गाडीवर, ती बाटल्यांच्या कारखान्यात. आर्चीला घर आठवतं, दोघं भांडतात, संशय येतो. पैसे आणि खोली या दोन गोष्टी आल्या की प्रेमाला वजन येतं. म्हणून तर शेवट बघून थिएटर सुन्न झालं.

क्रेटचा भाव

पैशावरून आठवलं. नारायणगावचा टोमॅटो बाजार! २०२३ च्या जुलैमध्ये इथे वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला, लोक रातोरात लखपती झाले, टीव्हीवाले ओबी व्हॅन घेऊन आले. दोन-तीन महिन्यांत भाव पुन्हा जमिनीवर. आता विचार करा, या भागात शेती करणाऱ्या मुलाला मुलगी द्यायला कुणी तयार नाही, बायोडेटात ‘पुण्यात नोकरी’ लागते. अशा गावात जुलैमध्ये हो म्हणालेले सासरे ऑक्टोबरमध्ये काय म्हणतील? व्हिलन आणायची गरजच नाही, बाजारभावाचा तक्ता लावा फक्त.

आम्ही हायवेलगत एका टपरीवजा हॉटेलात मिसळ खायला बसलो. चालवणाऱ्या काकूंनी दोन मिनिटांत आमची गावं, शिक्षण, पगार आणि लग्न का झालं नाही हे काढून घेतलं. मग मैत्रिणीने धाडस करून कादंबरीतला प्रसंग सांगितला. रात्री उसाच्या फडात नायक-नायिका भेटतात, चांदणं आहे वगैरे.

काकू चमचा धरून बघतच राहिल्या. ‘उसात? रातची? आगं, बिबट्या हाय ना!’

आम्ही दोघी गार. गाथेतली ती बाई महाराजांना सिंहाची भीती घालत होती, इथे कुणाला घालायची गरज नाही. धरणं झाली, कालवे आले, ऊस वाढला आणि बिबट्यांनी उसात घर केलं. तिथेच पिल्लं होतात, तोडणी लागली की उघडी पडतात. जुन्नर वनविभाग म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर. इथे बिबट्याने माणसं नेली आहेत, लहान मुलंसुद्धा. माणिकडोहला बिबट्यांचं केंद्र आहे, पण संध्याकाळी पोराला अंगणात सोडायचं का हा प्रश्न शहरातल्यांना नसतो. गाथांमध्ये भेटायची जागा असलेलं ताग-भाताचं पीक कापलं जातं म्हणून बाईचे डोळे भरून येतात. आजच्या नायिकेचा जीव ऊस उभा असेपर्यंत टांगलेला.

‘मंग भेटायचं कुठं?’ मैत्रिणीने थेट काकूंच्याच भाषेत विचारलं.

काकू म्हणाल्या, भेटायचं काय घेऊन बसलीस. त्यांच्याकडे शेतीची लाइट कधी दिवसा, कधी रात्रीची. रात्रीचा आठवडा असला की त्यांचा मुलगा बारा-एकला मोटार चालू करायला जातो, पाणी धरतो. ‘सून आत पडलेली आसती. झोपली म्हणून सांगती. तो निघाला की तिला मिस कॉल देतो, पोचला की एक, मोटार चालू झाली की एक. फोन वाजला की बंद करती, मंग कूस बदलती.’

‘तुम्हाला कसं माहीत?’

‘मी काय झोपलेली आसती का?’

सासू इथे झोपते, मी इथे झोपते! मी मिसळीच्या रश्शात पाव बुडवायचा विसरले. मैत्रिणीने वही काढलीच नाही, ती उठून बाहेर गेली आणि आईला फोन लावला. स्पीकरवर ठेवला, मी शेजारी.

‘आई, तुमच्या वेळी लाइट रात्री यायची?’

‘यायची की. का गं? कुठे आहेस?’

‘बाबा पाणी द्यायला जायचे रात्री?’

‘सगळेच जायचे.’

‘मग ते नीट घरी पोचले हे तुला कसं कळायचं? फोन तर नव्हते.’

पलीकडे बराच वेळ काही नाही. प्रेशर कुकरची शिट्टी ऐकू आली. मग आई म्हणाली, ‘बॅटरी दाखवायचे. त्यांच्या बांधावरून आमचा माळा दिसायचा. तीनदा.’

मागून बाबांचा आवाज आला. ‘दोनदा.’

‘तीनदा.’

‘सेल किती महाग होते तेव्हा! दोनदाच.’

‘तीनदा दाखवायचे,’ आई म्हणाली. ‘मी मोजायचे ना.’